खुंटाचा शेंडा

"झाडाला रोज कढत पाणी, नि मला विहिरीचं गार," आमची कामवाली मथुरा भांडी घासता घासता पुटपुटली. मी हातभर अंतरावर नारळ खवत होते. मला ऐकू यावं म्हणूनच पुटपुटली होती.

"कढत नाही, कोमट," मी म्हटलं.

"तेच ते. झाडाला काय सांधेदुखी आहे?"

यावर हसायला हवं होतं. पण आमच्या ईशालाही ऐन मे महिन्यात कोमटच पाणी लागायचं, आणि ते मथुरेला ठाऊक होतं. ती तवा खसाखसा घासत बसली.

भाट्याच्या पुलापलीकडे कातळ फोडून केलेली आमची हापूसची बाग. आमचे हे, हरिहर, संशोधन केंद्रात जन्मभर कलमं बांधत आले. कलमं काय, इथे पुष्कळ जण बांधतात. ह्यांच्या हातची मरत नसत, एवढाच फरक. त्याचाच अभिमान पुढे डोक्यात गेला.

ईशा, आमची एकुलती, तापाने गेली. अस्थी खाडीत सोडल्या. त्यातल्या मूठभर ह्यांनी मागे ठेवल्या, विहिरीजवळच्या खड्ड्यात घातल्या आणि वर कलम लावलं. 'मेली' हा शब्द तेव्हापासून घरात कुणी काढला नाही. 'ती गोष्ट झाल्यापासून' असं म्हणायचो आम्ही.

झाड वाढलं, जरा जास्तच. पालवी उजेडाकडे वळते. ह्याची वळली स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. वाऱ्यामुळे असेल, असं मी ठरवून टाकलं. मग एकदा खोडाला हात टेकला. सावलीतलं खोड, आणि ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखं ऊन ऊन. चिकाला वास शिकेकाईचा, ईशाच्या केसांसारखा. मी रोज त्याच्याशी बोलायला लागले. आईला तेवढं पुरतं.

ह्यांना पुरेना. "मोहर धरत नाही," म्हणायचे. "एकटं पडलंय. जोड द्यायला हवी."

जोड म्हणजे निलेश, आमचा जावई. चिपळूणला बँकेत असतो. लग्नाआधी आमच्या शेजारीच राहायचा, म्हणून मला अजून काकूच म्हणतो. गणपती आटोपल्यावर आला तो एक सांगायला. ऋजुता नावाची मुलगी पसंत केली होती, दिवाळीनंतर लग्न. सांगताना मान खाली, जशी काही चोरीच केली.

"कर की," हे म्हणाले. "पण तोवर रविवारी येत जा. हिच्यापाशी बसायला."

पहिल्यांदा तो नुसता बसला. पुढच्या वेळी ह्यांनी फांदीवर हात ठेवायला सांगितलं. मग मनगट फांदीला केळीच्या सोपटाने बांधलं, भेटकलमाला बांधतात तसं. त्यात खुंटाचं, म्हणजे कोयीपासून उगवलेलं, रोप मोठ्या झाडाच्या फांदीशी नेतात, दोघांची साल तासतात आणि जखमेला जखम लावून बांधून ठेवतात. एकजीव झालं की फांदी झाडापासून तोडायची आणि खुंटाचा शेंडा छाटायचा. मुळं राहतात खुंटाची, वर जगतं ते दुसरंच. आमच्याकडे शाळकरी पोरांनाही हे माहीत असतं. तरी मी चहा करत राहिले.

"साल तासली का रे?" एकदा मी निलेशला हळूच विचारलं.

"थोडीशी. दुखत नाही, काकू." तो कसंनुसं हसला. "बाबांना बरं वाटतं ना." एरवी ह्यांना तो काका म्हणायचा.

कप घ्यायला वाकला तेव्हा त्याच्या केसांना शिकेकाईचा वास आला. जाताना त्याने हात धुवायला कोमट पाणी मागितलं.

परवाच्या रविवारी, भर दुपारी, मथुरा दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडावर धरलेला.

"वहिनी, सोपट सोडलंय. जावयांचा हात सुटत नाही."

मी गेले. सोपट खाली पडलं होतं. मनगट कुठे संपतं आणि फांदी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता. निलेश डोळे मिटून स्टुलावर बसला होता, आणि ऐन आश्विनात सगळं झाड मोहरलं होतं.

हे चिऱ्यावर कोयती घासत होते. शांतपणे, नेहमीसारखे.

"लागलं," म्हणाले. "माझ्या हातचं मरत नाही."

"आता?"

"आता काय. शेंडा."

त्यांची नजर निलेशच्या मानेवर होती.

मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. "दिवाळीनंतर लग्न आहे त्याचं." तेवढंच सुचलं.

"बाजूला हो. पोरगी येतेय."

आणि माझा पाय हलला. एक पाऊल.

निलेशने मान वर केली. डोळे मिटलेलेच. मला आयो म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"आयो," तो तिच्या आवाजात म्हणाला, "मी मेलेय गं. बाबांना सांग ना."