सतरावी ओळ

इवेता तिसऱ्या तासाला बाकावरच कोसळली. नऊ वर्षांची पोर, ओठ निळे. दम्याचा महिन्यातला पाचवा झटका.

दुसऱ्याच दिवशी तिच्या आईला, रोसित्साला, बालसंरक्षण कचेरीचं पत्र आलं: आई दम्याचं औषध देत नाही, अशी शाळेची तक्रार. सोमवारी पोरीला घेऊन जाणार.

शाळेची नर्स दोन्का तडक तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"खरं सांग, फवारा देतेस?"

"सकाळ-संध्याकाळ. त्याच्यावरचा उरलेल्या मात्रांचा आकडा बघ की!"

आकडा बरोबर होता. पोरगी औषध ओढतही नीट होती.

"मग गावच्या कारखान्याचा धूर?"

"भट्टी आठवडाभर बंद आहे. तरी पडलीच ना? तेही सोमवारी नाहीतर गुरुवारी. रविवारी एकदाही नाही."

"शाळेत सांगितलंस?"

"माझं कोण ऐकतंय तिथं? गेल्या वर्षी शाळेत एका पोराला थोबाडीत मारल्याची तक्रार मीच केली होती."

सोमवारी आणि गुरुवारी तिसरा तास गणिताचा. वेलिचकोवा बाईंचा. दोन्काने त्यांची गुणवही मागितली. इवेता सतराव्या ओळीत. वर्षभरात एकदाच गुण दिलेले.

"तिला मी फळ्याकडे बोलावतच नाही," बाई म्हणाल्या. "आजारी लेकरू. दया येते हो."

सतराव्या ओळीचा कागद मात्र झिजून केसाळ झाला होता. बाकीच्या ओळी कोऱ्या करकरीत.

शुक्रवारी पालकसभेला कचेरीचा अधिकारीही आला. दोन्का उठली.

"तोंडी परीक्षेला बाई यादीवरून बोट खाली आणतात. सतराव्या ओळीवर थांबतात. नखाने खरवडत बसतात. पोरीचा जीव टांगलेला. मग उठवतात दुसऱ्यालाच! गुण नाही, म्हणजे पुरावा नाही. चौदा पोरांनी मला करून दाखवलंय. डॉक्टर म्हणतात, सतत धास्तावलेल्या पोरावर औषध धड लागू पडत नाही. म्हणून आकडा बरोबर आणि पोरगी निळी."

"मी कशाला असं करीन?" बाई ओरडल्या.

"थोबाडीत तुम्हीच मारली होतीत. रोसित्साच्या तक्रारीने वर्गशिक्षकपद गेलं, त्याचा सूड पोरीवर. आणि कचेरीकडे केलेली तक्रारही तुमचीच. साहेब, सही दाखवा."

अधिकाऱ्याने तक्रारीचा कागद सभेकडे वळवून धरला. सही वेलिचकोवांची.

दोन्काने शिक्षकांची यादी टेबलावर पसरली. बोट सावकाश खाली आणलं. एका नावावर थांबवलं. नखाने खरवडत राहिली.

वेलिचकोवा बाईंचा हात गळ्याशी गेला.

"ओढा की श्वास, बाई," रोसित्सा म्हणाली. "माझी पोर वर्षभर हेच करतेय."