सुयोग घागचं अ‍ॅव्हरेज

त्या वर्षांत डिझेल विकत मिळेनासं झालं होतं. ते वाट्याला येई. समुद्री शेवाळापासून बनवलेलं ते हिरवट इंधन दर पंधरवड्याला गाडीच्या नावावर जमा व्हायचं. ज्या गाडीचं अ‍ॅव्हरेज चांगलं तिला वाटा मोठा, असा सरळ नियम होता. पठारावरच्या गावांत विजेच्या बस धावत होत्या, पण बर्फासकट दीड टन मासळी घेऊन नांगरखिंडीचा चौदा किलोमीटरचा घाट चढायचा तर बॅटरी अर्ध्यातच मान टाकी. म्हणून घाटाखालच्या कुंभवलीत अजून एकवीस डिझेल पिकअप होत्या. तिथले ड्रायव्हर एकमेकांना भेटले की तब्येत विचारायच्या आधी अ‍ॅव्हरेज विचारत.

सुयोग घाग त्या एकवीस जणांतला सगळ्यांत हुशार, निदान स्वतःच्या मते. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, चावी फिरवून इंजिन बंद करायचं आणि नुसत्या उतारावर गाडी सोडायची, ही त्याची जुनी खोड. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो हे त्याला ठाऊक होतं. पण वाचलेल्या थेंबांची गोडी ब्रेकपेक्षा मोठी होती, आणि घाटातला प्रत्येक ड्रायव्हर हेच करत आला होता.

अशा माणसांच्या गाडीत तत्काळ अ‍ॅव्हरेज दाखवणारं यंत्र बसवायचं, ही कल्पना डॉक्टर अनघा रिसबूड यांची. मेंदूचं विज्ञान हा त्यांचा विषय. टाकी भरायची, किलोमीटर मोजायचे आणि भागाकार करायचा, हे झालं जुनं अ‍ॅव्हरेज. जेवण उरकल्यावर भाजी खारट होती असं कळावं तसलं. त्याऐवजी या वळणावर, पायाच्या या दाबाला किती डिझेल जळतंय हे त्याच क्षणी कळलं, तर पाय आपोआप सुधारेल, असं त्यांचं म्हणणं. आधी त्यांनी समोरच्या काचेखाली आकडा दाखवणारी पट्टी बसवली. ती फारशी चालली नाही, कारण घाटात नजर आकड्यावर ठेवली तर गाडी दरीत जायची. मग त्यांनी तो आकडा डोळ्यांऐवजी कातडीला द्यायचं ठरवलं. कमरेला बांधायचा दोन बोटं रुंद काळा पट्टा, आत थरथरणारी बत्तीस बारीक बटणं. डिझेल जास्त जळलं की कंबर आवळल्यासारखी वाटायची, कमी जळलं की सैल. बाईंनी त्याला नाव दिलं होतं 'क्षणमापी'.

ड्रायव्हरांनी आठवडाभरात त्याचा 'करगोटा' केला. काळा, कमरेचा, आणखी काय म्हणणार?

इथेच घोटाळा झाला. सूचनापत्रात स्पष्ट छापलं होतं की गाडीतून उतरल्यावर पट्टा काढून ठेवावा. पण कुंभवलीतल्या पुरुषाच्या कमरेला करगोटा बारशापासून असतो. जुना झिजला तर आधी नवा बांधायचा, मग जुना तोडायचा. कंबर मोकळी राहते ती थेट चितेवर. एकदा नाव करगोटा पडल्यावर तो काढून खुंटीला टांगायला कोणाचा हात धजेना. काढायचा नाही असं कोणी ठरवलं नाही. कोणी काढलाच नाही, इतकंच. सुयोगने तो अंघोळीत ठेवला, झोपेत ठेवला. सात महिने ठेवला.

त्याचं अ‍ॅव्हरेज अकरावरून सतरावर गेलं. भिंतीवर अभिनंदनाचा कागद लागला. आणि त्याच सुमारास त्याची बायको प्रणाली हिच्या लक्षात आलं की नवरा बोलायचा कमी झालाय. विहिरीवरून येताना थांबत थांबत येतो. कोणी हाक मारली तर मान वळवत नाही, नुसते डोळे फिरवतो. जेवताना घास मोजल्यासारखे घेतो. तिला वाटलं, काहीतरी मनात धरलंय. तिने दोन दिवस अबोला धरून पाहिला, तर त्याला ते चक्क बरं वाटलेलं दिसलं. मग मात्र ती घाबरली.

सुयोगला स्वतःला कळत होतं, आणि कोणाला सांगायची लाज वाटत होती. जिना चढताना त्याची कंबर आवळायची. हसला की आवळायची. प्रणालीला सातवा महिना लागला तेव्हा त्याने पट्टा एकदाचा काढला, देवासमोर नारळ ठेवून काढला. कंबर तरीही आवळतच राहिली.

तिच्या आठव्या महिन्यात तो घाट चढून पेठशिवण्याला बाईंच्या प्रयोगशाळेत गेला.

"पट्टा काढलाय म्हणता, मग त्रास कसला होतोय?" डॉक्टर रिसबूड यांनी विचारलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या बाई होत्या.

"पट्टा नाय मॅडम, पण तो हाय. आता इथे खुर्चीत बसलोय तर बरा हाय. तुमच्याशी बोलतोय, तर थोडा घट्ट झालाय."

बाईंनी त्याला चालायला लावलं, वजन उचलायला लावलं, डोक्याला तारा लावून पडद्यावर काहीतरी पाहत राहिल्या. मग चष्मा खाली घेतला.

"आंधळा माणूस काठीने चालतो ना, घागसाहेब, तेव्हा त्याला खड्डा हातात जाणवत नाही. काठीच्या टोकाला जाणवतो. टोक लाकडाचं, तिथे कातडी नाही, तरी. कारण मेंदूला खबर कुठून येते याच्याशी कर्तव्य नसतं. ती वेळच्या वेळी आणि न चुकता आली की तो तिला शरीरात सामील करून घेतो. आमचा पट्टा सेकंदाच्या दहाव्या भागात खबर देत होता."

"पण ती गाडीची खबर. मी जिना चढताना कशाला?"

बाई म्हणाल्या, "गाडीचे हादरे वेगळे काढता यावेत म्हणून पट्टा तुमचा श्वास आणि स्नायूसुद्धा मोजायचा. गाडी नसली की तो नुसतं तेवढंच मोजत बसायचा. गाडी नसताना तो कोणी बांधेल हे आम्हांला सुचलंच नाही." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हांला नवीन इंद्रिय फुटलंय. डोळ्याला उजेड कळतो तसा तुम्हांला खर्च कळतो, गाडीचा आणि शरीराचा. मी त्याला व्ययसंवेदना म्हणते. खर्च झाला की दुखतं, वाचला की सुख होतं. सात महिन्यांत मेंदूने त्याची वाट पक्की केलीय."

"काढा ते."

"कसं काढू? तुमचं ऐकणं काढता येईल का मला? कान कापला तर नुसता कान जाईल."

सुयोगने टेबलाची कड धरली. त्याला जे विचारायचं होतं ते त्याने अजून विचारलंच नव्हतं.

"मॅडम, माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. पोर आडवं हाय म्हणतात, इथेच आणायला सांगितलंय, मोठ्या इस्पितळात. घाट चढून मीच आणणार. परवा रिकामी गाडी घेऊन चढ चढून पाहिला. पेडल अर्ध्याच्या पुढे दाबवत नाय. मी दाबतोय, पाय दाबत नाय. तिचं काय झालं तर?"

"दुसरा ड्रायव्हर सांगून ठेवा."

"वीस हायत. सगळ्यांच्या कमरेला तुमचा पट्टा हाय."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. रोज त्या आवळण्याची मुद्दाम अवज्ञा करा, म्हणाल्या. धावा, ओरडा, विनाकारण उड्या मारा, कदाचित वाट बुजेल. सुयोगने घरी येऊन अंगणात उड्या मारल्या. चौथ्या उडीला ओकारी आली. पाचव्या दिवशी तो उड्या मारायचा राहून बाकावर बसून होता. बसल्या बसल्या इतकं सुख होतं की उठायचं कशाला हेच त्याला आठवेना.

तारीख वीस दिवस पुढे होती, पण एका सकाळी साडेनऊला प्रणालीने भिंत धरली आणि म्हणाली, "अहो, गाडी काढा."

रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती, यायला दोन तास. सुयोगने गाडी काढली. ती शेजारी बसली, पाठीशी उशी घेऊन. गाव संपेपर्यंत ठीक चाललं. चढ सुरू झाला आणि त्याची कंबर आवळायला लागली.

पहिल्या वळणावर त्याने पाय दाबला तेव्हा बरगड्यांखाली कोणी दोर टाकून ओढावं तसं झालं. डोळ्यांत पाणी आलं. पाय आपोआप वर आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी सरकत राहिली.

"एवढी हळू का?" प्रणालीने विचारलं.

"पाय जात नाय गं."

तिला सगळं ठाऊक होतं. त्याने सांगितलं होतं. पुढची कळ आली तेव्हा तिने नीट विचार करून, अंगाने त्याच्याकडे वळून, दोन्ही हातांनी त्याचा उजवा गुडघा धरला आणि कळेच्या सगळ्या जोरानिशी खाली दाबला. गाडी उसळली. सुयोग ओरडला, तीही ओरडली. कळ ओसरली की तिचे हात सैल पडत आणि गाडी मंदावे. पुन्हा कळ आली की पुन्हा गुडघा खाली. अशा रीतीने नांगरखिंडीचा घाट त्या दिवशी गाडी प्रणालीच्या कळांवर चढली. सुयोगच्या हातात फक्त स्टिअरिंग होतं. दुखण्याने त्याला भोवळ येत होती, आणि तरी त्याला बायकोचा अभिमान वाटत होता, खूप वाटत होता.

खिंड आली. पुढे पठाराकडे चार किलोमीटरचा उतार, मग सपाटी, मग पेठशिवणे. प्रणालीने त्याचा गुडघा सोडला आणि डोकं मागे टेकलं. "झालं," ती म्हणाली. "आता उतारच आहे."

उतार लागताच सुयोगच्या हाताने वर्षांनुवर्षं केलं तेच केलं. गिअर न्यूट्रलमध्ये गेला, चावी फिरली, इंजिन थांबलं.

कंबर सुटली. पाऊण तास आवळलेला दोर एकदम गळून पडला आणि पोटातून, पाठीतून, मांड्यांतून अशी ऊब पसरली की सुयोगने आयुष्यात तसलं काही अनुभवलं नव्हतं. गाडी वाऱ्यासारखी खाली जात होती आणि एक थेंबही जळत नव्हता. शेजारून प्रणालीचा आवाज येत होता. त्याला शब्द न् शब्द कळत होता. ती म्हणत होती, पाणी गेलं, लवकर करा.

उतार संपला. गाडीचा वेग कमी होत गेला. चावी फिरवायची, गिअर टाकायचा, पाय दाबायचा. क्रम त्याला ठाऊक होता आणि तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणतही होता. हात मांडीवर होता. तो उचलायचा विचार आला की कमरेला बारीकसा चिमटा बसे, आणि विचार सोडून दिला की पुन्हा ऊब. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. उभ्या गाडीचा खर्च शून्य, बसल्या माणसाचा जवळजवळ शून्य. प्रणाली त्याच्या खांद्यावर गुद्दे घालत होती. तिने चावीकडे हात नेला, पण वाकताच कळ आली आणि ती दारावर कोसळली. ती मरेल, सुयोगला स्वच्छ कळत होतं. ती मरेल आणि मी इथे बसलेला असेन. आतून तो किंचाळत होता, आणि त्या किंचाळण्याला काही खर्च नव्हता म्हणून ते चालू राहिलं.

मागून विजेची बस आली. रस्ता अडलेला पाहून कंडक्टर खाली उतरला. काचेतून आत पाहिलं आणि दार उघडून त्याने आणि दोन बायकांनी मिळून प्रणालीला उचललं. जाताना कंडक्टरने सुयोगलाही हाताला धरून ओढत नेलं. झटका आलाय, असं त्याने बसमधल्या लोकांना सांगितलं.

मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, पहिला दिवस काचेच्या पेटीत गेला, पण दोघी वाचल्या. तिसऱ्या दिवशी नर्सने पोर सुयोगच्या हातात दिलं. अडीच किलो. तो खाटेशेजारी उभा राहून तिच्याकडे पाहत होता. कंबर आवळत होती, तरी त्याने तिला धरून ठेवलं होतं. हे तो करत होता, स्वतः करत होता.

प्रणाली बराच वेळ त्याला न्याहाळत होती.

"त्या दिवशी मी ओरडत होते," ती म्हणाली. "तुम्हांला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"सगळं?"

"सगळं."

"पाय चालत नाही, हात चालत नाही, ते मी समजले असते." तिचा आवाज चढला नाही. "पण तुम्ही हसत होतात. मी मरत होते आणि तुमच्या तोंडावर इतकं समाधान होतं, लग्नाच्या दिवशीपण नव्हतं तेवढं."

सुयोगला खोटं बोलता आलं असतं, पण ती खरं तेच सांगत होती, आणि त्याला ते समाधान अजून आठवत होतं. आठवत होतं म्हणजे हवंसं वाटत होतं.

"द्या तिला इकडे," प्रणाली म्हणाली.

त्याने वाकून पोर तिच्या कुशीत ठेवलं. हातांवरचं ओझं उतरलं, आणि लगेच कंबर सैल झाली. ऊब पसरली. छान वाटलं. बायकोला आपलं तोंड दिसू नये म्हणून सुयोग भिंतीकडे वळून उभा राहिला.