मुद्रा शेवटी

"खांदा द्यायला चार माणसं जमली नाहीत हो," मुद्रारक्षकाची मुलगी म्हणाली. "बाबांचं नाव तेवढं धुऊन द्या."

दाजींनी मान हलवली. प्रत्येक चौकशीत त्यांच्यासोबत आणि एक पाऊल मागे असणारा त्यांचा मेहुणा रुमाल शोधू लागला.

एका बोगस डॉक्टरच्या हातून बाळंतीण दगावली होती. त्याच्या पदवीवर विद्यापीठाची कागदावर उठवलेली मुद्रा खरी, कुलसचिवांची सहीही खरी. मुद्रेच्या खोलीच्या किल्ल्या दोनच: मुद्रारक्षकाकडे आणि कुलसचिवांकडे. मुद्रारक्षकाला निलंबित केलं. त्या बिचाऱ्यानं विष घेतलं.

तिघं विद्यापीठात गेले.

"मी नाव लिहितो, साहेब सही करतात, शेवटी मुद्रा," पदवी विभागाचा कारकून म्हणाला. "पूर्वी मुद्रा आधी उठवून ठेवायचे. तसे कोरे कागद चोरीला गेले, तेव्हापासून हा नियम. मुद्रारक्षक तर शाई वाळल्याशिवाय कागदाला हात लावत नसत."

कुलसचिव वैतागले होते. "मी गठ्ठ्यानं सह्या करतो. त्यानं एक कागद घुसडला, नंतर मुद्रा उठवली."

"सही करताना मुद्रा नव्हती?" दाजींनी विचारलं.

"असती तर दिसली नसती का?"

दाजींनी ती बोगस पदवी आणि कारकुनाकडची एक खरी पदवी खिडकीशी नेली आणि मेहुण्याला भिंग दिलं.

"सही मुद्रेच्या कडेवरून गेलीय," मेहुणा म्हणाला. "उंचवट्याशी निब अडखळलंय. शाई तुटलीय."

"आणि या खऱ्या पदवीवर?"

"रेघ अखंड आहे. पण त्यानं काय होतं, दाजी?"

"सपाट कागदावर निब कशाला अडखळेल? बोगस पदवीवर मुद्रा आधी होती, सही नंतर. आणि साहेब, ती तुम्हाला दिसली असती, हे तुम्हीच म्हणालात."

कुलसचिव पदवी घ्यायला पुढे आले. दाजींनी ती मागे घेतली.

"मुद्रारक्षक सामील असता तर सहीनंतर निवांत मुद्रा उठवली असती. ती आधीच उठवून ठेवायची घाई कुणाला? जो त्याच्या रजेत दुसऱ्या किल्लीनं खोलीत शिरतो, त्याला. मुद्रा उठवलेले कोरे कागद तुमच्याकडे होते. गिऱ्हाईक आलं की नाव घालायचं, सही ठोकायची."

"ही पदवी बाबांना दाखवली होती?" मुलीनं विचारलं.

कारकुनानं खाली पाहिलं. "साहेबांनी कपाटात ठेवली. म्हणाले, त्याला दाखवायची गरज नाही."

"त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं," दाजी म्हणाले.

मेहुण्यानं रुमाल पुढे केला. तिनं घेतला नाही.

"शेवटच्या दिवशी ते मला विचारत होते," ती म्हणाली, "माझ्याच हातून चुकून झालं असेल का गं? मी म्हटलं, असेल, बाबा."