पंख्याची थरथर

संप मोडला, लालबागची ती गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली आणि लवू घाडीला फिटर म्हणून परत बोलावणं आलं. सूतखात्यात दमट हवा सोडणारा मोठा पंखा वेग घेतला की सांगाड्यासकट थडथडायचा. तो शांत झाल्याशिवाय खातं उघडणार नाही, असं मॅनेजरने बजावलं होतं. आणि खातं उघडलं तरच लवूचा मेव्हणा विठोबा कामावर येणार होता. तो रोज गेटवर येऊन उभा राहायचा.

लवूने पाती खरवडून साफ केली. हलक्या बाजूला वजनं जोडली. बेअरिंग बदललं, पायाचे बोल्ट आवळले. सावकाश फिरताना पंखा अगदी शहाण्यासारखा वागे. वेग घेतला की परत तेच.

"अजून किती दिस, भावजी?" विठोबा विचारी.

"माका काय म्हायत?" लवू खेकसे.

शेवटी वैतागून त्याने पट्टाच उतरवला. पंखा थांबला. सांगाड्याला हात लावला, तर तो थरथरतच होता.

त्याने तळवा जमिनीला टेकला. थरथर भिंतीपलीकडून, साचेखात्यातून येत होती. तिथले सगळे साचे, कापडाचे माग, केव्हाच भंगारात गेले होते.

दार ढकलून तो आत गेला. छताच्या काचांतून दुपारचं ऊन पडलं होतं. लांबच लांब मोकळी जमीन, जागोजागी कापलेले बोल्ट. आवाज कसलाच नव्हता. पण थरथर तळपायांतून गुडघ्यांपर्यंत चढत होती, गिरणी भरात असताना चढायची तशी.

"कोण आसा?"

थरथर ओसरू लागली. पलीकडच्या टोकापासून, ओळीओळीने, कोणीतरी एकेक साचा बंद करत यावं तशी.

त्याच्या पायापाशी येऊन थांबली.

लवूने परत येऊन पट्टा चढवला. पंखा गुपचूप फिरू लागला. मॅनेजरने पाठ थोपटली, तरी लवूची चिडचिड जाईना. आपण नेमकं काय दुरुस्त केलं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

संध्याकाळी पाण्याचा तांब्या देताना त्याची बायको मालन थबकली.

"साचे चालू झाले काय?"

"नाय. कित्याक?"

तिने त्याच्या केसांतून बोटं फिरवली आणि उजेडात धरली.

"मगे ह्यो ताजो कापूस खयसून इलो?"