मुक्या टाकीचं प्रकरण

"गाडी याच खोलीत सुटी केली, आणि याच खोलीत जोडून दाखवतो! एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे होणार नाही. शब्द देतो!"

काकांनी छातीवर थाप मारली आणि ऐटीत एक पाऊल मागे टाकलं.

मागे सतरा वाट्या होत्या.

सगळ्या काकूच्या. आणि त्यांत आजोबांच्या जुन्या मोटारसायकलचे नट, बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा मापाप्रमाणे लावून ठेवलेल्या. पुढचं अर्धं मिनिट खोलीत नुसता छणछणाट झाला. एक वाटी सोफ्याखाली गेली, एक स्प्रिंग पंख्यावर जाऊन बसली, आणि काका स्वतः रॉकेलच्या ट्रेमध्ये बसले.

"इकडचं तिकडे काही झालं नाही हं पप्पा," चष्म्या म्हणाला. "सगळं सगळीकडे झालंय."

चष्म्या हा काकांचा मुलगा. वय अकरा. चष्मा नाकावर कमी आणि कपाळावर जास्त. सुट्टीसाठी त्याच्याकडे आलेल्या दोघी चुलत बहिणी एव्हाना पोटावर सरपटत सोफ्याखाली शिरल्या होत्या. मोठी तेरा वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत. तिच्या हातात कायम एक वही असायची, आणि वहीत कायम कुणावर तरी संशय असायचा. धाकटी सात वर्षांची, छोटी. तिला घरातले सगळे आवाज पाठ होते. जिन्यावर कोण येतंय ते ती चपलेवरून सांगायची.

"अहो, ती अंगठी आधी काढा बोटातली!" काकू दारातून ओरडली. "सैल झालीये. त्या ग्रीसच्या हातातून घसरली तर माझ्याकडे यायचं नाही!"

"कुठे जातेय ती!" काका ट्रेमधून उठत म्हणाले. पँटमधून रॉकेल ठिबकत होतं. "तू फक्त शनिवारी बघ!"

शनिवारी आजोबा येणार होते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते आत्याकडे गेले होते. जाताना त्यांनी गाडीची किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि एकच अट घातली होती. "चकचकीत कर, रंगव, काय हवं ते कर. पण तिचं काही हरवू नकोस. हरवलंस तर पुन्हा किल्लीला हात लावायचा नाही."

आज बुधवार होता.

तेवढ्यात दाराशी पेंटर आला. चादरीत गुंडाळलेली पेट्रोलची टाकी त्याने तान्ह्या बाळासारखी धरली होती. त्याने चादर ओढली. काळीकुळकुळीत टाकी, आणि तिच्यावर पंख पसरलेला पिवळा पक्षी! ही काकांची खास फर्माईश होती.

"गरुड!" पेंटर अभिमानाने म्हणाला.

"कोंबडी?" छोटीने विचारलं.

"गरुड आहे तो!" काका आणि पेंटर एकदम म्हणाले.

पेंटर गेल्यावर छोटीने टाकी दोन्ही हातांनी धरून हलवली. मग तिला कान लावून पुन्हा हलवली. मग तिचा चेहरा पडला.

"ताई, टाकी बोलत नाहीये!"

ताईने वही उघडली. कारण ही साधी गोष्ट नव्हती. आजोबा गुरांचे डॉक्टर होते. याच गाडीवरून गावोगाव हिंडायचे. ताई-छोटीचे बाबा पाच वर्षांचे असताना त्यांनी या टाकीत एक गोटी टाकली आणि मग ती परत हवी म्हणून भोकाड पसरलं. आजोबांनी ती काढली नाही. "राहू दे," म्हणाले, "वळणावर वाजते तेव्हा पोरगं मागे बसलंय असं वाटतं." तेव्हापासून गाडी प्रत्येक वळणावर "टण्... खुळुक" असं बोलायची. पांढरी काचेची गोटी, पोटात लाल रेघ. बाबांनी ही गोष्ट मुलींना शंभर वेळा तरी सांगितली होती.

"काका, गोटी कुठे गेली?"

"गेली असेल धुताना," काका कार्बोरेटर घासत म्हणाले. ब्रश चष्म्याचा होता, दात घासायचा. "बरंच झालं. खुळखुळ्यासारखी वाजत होती."

"पप्पा, तो माझा..."

"आजोबा म्हणाले होते, काही हरवायचं नाही!" छोटीचा आवाज रडवेला झाला.

"अगं, गोटीच ती! आजोबांना आठवणारही नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांना तिसऱ्या गल्लीतून जाणाऱ्या म्हशीच्या हंबरण्यावरून तिचं दुखणं कळायचं. त्यांना आठवणार नाही?

दुपारी तिघं पेंटरच्या दुकानात हजर झाली. तारेवर मडगार्डं आणि टाक्या वाळत टांगलेल्या होत्या. मुलांना पाहून पेंटरने मागचा पडदा झर्रकन ओढला.

ताईने लिहिलं. *पडदा ओढला. का?*

"पेंटरकाका," ती अगदी साळसूदपणे म्हणाली, "टाकी फार छान झालीय. आमच्या टाकीत एक नट वाजायचा बघा. तो तुम्ही काढलात का?"

चष्म्या तोंड उघडणार होता. ताईने त्याच्या पायावर पाय दिला.

"काढला म्हणजे काय!" पेंटर खुलला. "हा एवढा नट! गंजलेला! चिमट्याने धरून तासभर ओढत होतो. दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं!"

"अरे वा! आणि नट कुठे आहे?"

"टाकला. गंजका होता ना."

बाहेर येताच चष्म्या फुटला. "नट? नट नव्हताच!"

"हो ना. म्हणजे यांनी काहीच काढलेलं नाही. आणि टाकीत तर गोटी नाही. मग?"

छोटीने बोट वर केलं. "मग ती टाकी आपली नाहीच!"

ताईने वहीत तीनदा अधोरेखित करून लिहिलं. *टाकी बदलली!!!*

"चोर!" चष्म्या कुजबुजला. "जुन्या टाक्या पळवणारी टोळी असणार. पडद्यामागे माल लपवलाय!"

तिघं दबक्या पावलांनी मागच्या खिडकीपाशी गेली. चष्म्या एका रिकाम्या डब्यावर चढून आत डोकावला. पडद्यामागे पेंटरचा लेंगा वाळत होता. डबा कलंडला आणि चष्म्या प्रायमरच्या बादलीत उतरला. एक पाय राखाडी घेऊन टोळीचा तपास पुढे निघाला.

दुसरा संशयित गल्लीच्या टोकाला होता. मिस्त्री. काकांचं इंजिन त्यानेच जोडलं होतं, त्यामुळे गाडीतली प्रत्येक वस्तू त्याच्या माहितीची. मुलं गॅरेजमध्ये शिरताच त्याने समोरच्या सुट्या इंजिनावर फडकं टाकलं.

"काय लपवताय, मिस्त्री?"

"मी? काही नाही! इथे काहीच नाहीये!" फडक्याखालून एक पिस्टन घरंगळला. मिस्त्रीने त्याच्यावर पाय ठेवला. "तुम्हाला सुट्टी आहे ना? मग खेळा की कुठे तरी!"

*मिस्त्रीही सामील?* ताईने लिहिलं.

गुरुवारही असाच संशयात गेला. शुक्रवारी सकाळी तिघं कट्ट्यावर हिरमुसून बसली होती. उद्या आजोबा येणार. टाकीचा पत्ता नाही. छोटी तर नीट जेवलीही नव्हती.

अचानक तिने मान ताठ केली.

"ऐका!"

टण्... खुळुक!

कोपऱ्यावरून एक मोटारसायकल वळली. अगदी आजोबांच्या गाडीच्याच बनावटीची, पण टाकी तांबूस रंगाची, वर बारीक सोनेरी रेघा. गाडीवर दातांचे डॉक्टर बसले होते, आणि त्यांचा चेहरा स्वतःचाच दात दुखत असल्यासारखा होता. दवाखान्यापाशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत चढावर नेली.

टण्... खुळुक!

"इंजिन बंद आहे!" चष्म्या ताडकन उठला. "इंजिन बंद असताना इंजिन वाजतं का कधी?"

तिघं धावली. "डॉक्टर, तुमच्या गाडीतून..."

"गाडीचं नाव काढू नका!" डॉक्टर ओरडले. "रंगवून आल्यापासून वाजतेय! मिस्त्रीने तीनदा इंजिन खोललं! तीनदा! परवाच दुसऱ्या कुणाचं तरी इंजिन बसवून दिलं, म्हणाला तोपर्यंत हे चालवा. तेही वाजतंय!"

मिस्त्री फडक्याखाली काय लपवत होता ते आत्ता कळलं! बिचाऱ्याला रोग सापडत नव्हता, आणि लाज वाटत होती.

"रंगवली कुणी?" ताईने विचारलं. उत्तर तिने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं.

"आपल्या पेंटरने! दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणे!"

ताईने धावत जाऊन काकांना सांगितलं. काका हसले. "पेंटर माझा खास माणूस आहे! आणि डॉक्टरांच्या गाडीत आपली टाकी? गोष्टींची पुस्तकं कमी वाचा!" ते हँडल बसवत होते. उलटं.

मोठ्यांना सांगून काही होणार नव्हतं. दाखवावंच लागणार होतं.

शनिवारी सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये चौघं मोठी माणसं जमली. डॉक्टरांना मुलांनी सांगितलं होतं की आवाज बरा करतो. मिस्त्रीला सांगितलं की डॉक्टर इंजिन बघायला येताहेत. पेंटरला सांगितलं की सगळ्यांना त्याचं कौतुक करायचंय. तो इस्त्रीचे कपडे घालून आला. आणि काकांना सांगितलं की हँडल उलटं आहे, गाडी नेऊन मिस्त्रीला दाखवा.

"डॉक्टर," ताईने घडी घातलेला एक कागद पुढे केला, "हा खिशात ठेवा. उघडायचा नाही. मिस्त्री, तुम्ही पेट्रोल काढून घ्या आणि टाकी सोडवा. इंजिनाला हातही लावू नका."

"टाकी?" मिस्त्री हसला. "अगं, रोग इंजिनात आहे!"

"चौथ्यांदा खोलणार आहात का?"

मिस्त्रीने मुकाट्याने पाना उचलला.

टाकी सुटली. मिस्त्रीने ती हलवली. खुळुक! त्याचं हसू मावळलं. त्याने टाकी उलटी केली, इकडे कलवली, तिकडे कलवली, आणि झाकणाच्या तोंडातून एक छोटीशी वस्तू टपकन त्याच्या तळहातावर पडली.

"डॉक्टर, आता कागद वाचा!"

डॉक्टरांनी वाचलं. "पांढरी काचेची गोटी. पोटात लाल रेघ."

मिस्त्रीने गोटी फडक्याने पुसली. पांढरी होती. पोटात लाल रेघ होती.

मग सगळ्या माना पेंटरकडे वळल्या.

"पेंटरकाका," छोटी म्हणाली, "मग तुम्ही तासभर कुठला नट ओढत होतात?"

पेंटरच्या कपाळावर घाम आला. "तसं नाही... म्हणजे... रंग खरवडला की सगळ्या टाक्या सख्ख्या बहिणी दिसतात हो! दोन्ही एकाच तारेला टांगल्या होत्या. कुठली कुणाची ते... शपथ, मला स्वतःलाच माहीत नव्हतं! नटाचं आपलं... तुम्ही विचारलंत, म्हणून म्हटलं!"

"म्हणजे माझ्या बापाच्या टाकीवर डॉक्टरांचा रंग, आणि डॉक्टरांच्या टाकीवर माझा गरुड?" काका किंचाळले.

"कोंबडी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एव्हाना ती पाहिली होती.

टाक्यांची अदलाबदल झाली. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. डॉक्टर कोंबडीवर बसून घरी गेले, पण मिस्त्रीला म्हणाले, "काही असो, आवाज थांबला. ही पोरं तुझ्या जागी हवी होती!"

दुपारी आजोबा आले. काळा चष्मा लावलेले. गाडी दाराशी उभी होती, हँडल सुलट. ते तांबूस टाकीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी गाडी जरा डावीकडे कलती केली. आवाज नाही. उजवीकडे. आवाज नाही.

आजोबांनी हात काढून घेतला.

"सुंदर केलीस रे," ते हळूच म्हणाले. "पण ही माझी नाही."

काकांनी मान खाली घातली. ताई पुढे आली आणि तिने आजोबांच्या तळहातावर गोटी ठेवली. आजोबांनी ती बोटांत फिरवली. बराच वेळ फिरवली.

"ही डॉक्टरांच्या गाडीतून काढली," छोटीने सांगितलं आणि मग तिघांनी एकदमच सगळं सांगितलं. आजोबांना निम्मंच कळलं असेल, पण ते पोट धरून हसले.

"माझ्या ओळखीत एवढे मोठे लोक," ते म्हणाले, "आणि कान फक्त या पोरांना! उद्यापासून पहिली फेरी यांची. आता टाका ती परत जागेवर."

"मी टाकतो!" काका पुढे सरसावले. त्यांना केल्या चुकीची भरपाई करायची होती. हात ग्रीसने माखलेले होते. त्यांनी झाकण उघडलं, गोटी दोन बोटांत धरून आत नेली आणि सोडली.

टण्.

आणि मग, जरा बारीक, टिंग.

आजोबांनी गाडी कलती केली. टाकीतून दोन आवाज आले.

काकांनी आपलं बोट बघितलं आणि हात खिशात घातला. काकूला अजून कुणी सांगितलेलं नाही.