शंभराच्या वरची रेघ

खाऱ्या पाण्यातल्या माशांना दर आठवड्याला पाणी बदलून लागतं, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पाणी जड असतं, हे लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्याच्या कमरेला कळतं.

काटेसाहेबांच्या कमरेला ते पुरतं कळून चुकलं होतं. उभा जन्म त्यांनी वजन-मापं तपासण्याच्या नोकरीत घालवला. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, गुंजभर फरक निघाला तरी शिक्का द्यायचा नाही. त्यावरून ऑफिसात पडलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. मासे मात्र बायकोचे. पुढच्या खोलीतला चार फुटी टँक तिनं हौसेनं उभा केला होता, आणि ती अंथरुणाला खिळल्यावर तिचा पलंगच टँकसमोर आणून ठेवला होता. दिवसभर ती माशांकडे बघत पडून राही.

रविवारी चाळीस लिटर जुनं पाणी उपसायचं, चाळीस लिटर नवं खारं पाणी आणून ओतायचं. बादल्यांच्या खेपा घालता घालता दिवस मावळतीला येई.

"अहो, बसा ना जरा," बायको म्हणे.

"झालंच," ते म्हणत. ते कधी होत नसे, आणि तिच्यापाशी बसायचं राहून जाई. किती रविवार उरलेत, हे दोघांपैकी कुणीच बोलून दाखवत नसे.

शेवटी त्यांनी डोकं लढवलं. मागच्या धुण्याच्या जागेत पांढरट प्लास्टिकचं पिंप बसवायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, दीडशे लिटरचं भरपूर होईल." त्यांनी दोनशेचं घेतलं. हाताशी जागा असू द्यावी. पिंपात पाणी ढवळायला पंप टाकला, पाणी टँकइतकं कोमट राहायला हीटर टाकला. भिंतीला भोक पाडून एक नळी टँकपर्यंत नेली, दुसरी टँकमधून मोरीत सोडली, आणि दोन्हींना लाल कॉक बसवले. आता पिंपात गाळलेलं पाणी भरायचं, मीठ घालून फिरू द्यायचं, आणि रविवारी नुसते कॉक फिरवायचे.

पिंपाला बाहेरून त्यांनी उभी चिकटपट्टी लावली. लिटरचं तपासलेलं माप एकशेवीस वेळा ओतून तिच्यावर एकशेवीस रेघा मारल्या. मिठानं पाणी जरासं चढतं, तेही हिशोबात धरलं. शंभराची रेघ लाल शाईनं काढली. दर खेपेला तिथपर्यंत भरायचं.

पहिल्या रविवारी सगळं काम वीस मिनिटांत उरकलं. काटेसाहेब हात पुसत पलंगापाशी येऊन बसले.

"बाई गं, लग्नानंतर पहिलाच रविवार," बायको म्हणाली. त्यांना हसू आलं आणि गलबलूनही आलं.

त्या दिवशी तिचं वजन पन्नास भरलं. दर भेटीत डॉक्टर आधी तेच विचारत. "बेचाळीसच्या खाली गेल्या तर पुढचं औषध सोसणार नाही. मग थांबवावं लागेल," ते म्हणाले होते. थांबवावं लागेल म्हणजे काय, हे विचारायला काटेसाहेबांची जीभ रेटली नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी पिंपातलं पाणी एकशेतीनच्या रेघेवर होतं.

आधी त्यांना स्वतःचाच संशय आला. पण झाकण जागच्या जागी होतं, कॉक बंद होते, टँकमधलं पाणी तसूभर हललं नव्हतं. साधं पाणी कुठून झिरपलं असतं तर खारटपणा उतरला असता. त्यांनी थेंबभर पाणी खारटपणा मोजायच्या काचेवर घेऊन उजेडाकडे धरलं. पस्तीस. भरलं तेव्हाही पस्तीसच होतं. म्हणजे पाणी होतं तेवढंच होतं. त्यात दुसरं काहीतरी होतं, आणि त्यानं तीन लिटर जागा घेतली होती.

त्यांनी बॅटरी लावून आत बघितलं. तळाला पंप, बाजूला हीटर. बाकी स्वच्छ पाणी. पाण्याला वासही नव्हता.

पाणी बदलून झाल्यावर त्यांनी पिंप रिकामं केलं, आतून कोरडं पुसलं आणि मापानं मोजून शंभर लिटर पुन्हा भरलं. पाणी एकशेतीनवर येऊन थांबलं. चाळीस वर्षांत त्यांच्या मापानं त्यांना असं तोंडावर पाडलं नव्हतं.

गुरुवारी ते एकशेपाचवर गेलं.

त्याच दिवशी त्यांनी बायकोला वजनकाट्यावर उभं केलं. दोन्ही काखांत हात घालून न्यायचं, मग अलगद हात काढायचे आणि आकडा ठरेपर्यंत श्वास धरायचा.

"तोळामासा प्रकृती म्हणतात ती हीच का हो?" ती म्हणाली.

"गप्प उभी राहा. आकडा हलतो."

पंचेचाळीस. रविवारी सत्तेचाळीस होतं.

त्यांनी वहीत आकडा लिहिला. शेजारीच पिंपाचा रकाना होता. पन्नास, शंभर. सत्तेचाळीस, एकशेतीन. पंचेचाळीस, एकशेपाच. त्यांनी तिन्ही ओळींची बेरीज केली; दरवेळी दीडशेच. मग वही मिटली आणि बायकोला पाणी पाजायला गेले.

पिंप फोडून टाकावं असं दहादा मनात आलं. पण आतलं सगळं मोरीतून वाहून गेलं, तर काय वाहून गेलं म्हणायचं? ते घाबरले होते. त्याहूनही ते थकले होते.

रविवारी ती त्रेचाळीस भरली. पिंप एकशेसात. डॉक्टरांची भेट आठ दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप अडखळायला लागला. साफ करायला काढावा म्हणून त्यांनी बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

पाणी कोमट होतं. तळाशी मात्र एक जागा चांगली ऊबदार होती. बायको झोपेत कुशीवर वळली की तिच्या पाठीची लागते, तेवढी.

त्यांनी हात काढला नाही.

त्या उबेनं त्यांच्या तळव्यावर भार टाकला. हाताला वजन कळायची चाळीस वर्षांची सवय. सात किलो.

"तिला सोड," ते म्हणाले. पिंपाशी बोलताना त्यांना लाजही वाटली नाही. "मी आहे ना."

भार हलका झाला नाही. थोड्या वेळानं तो फक्त मनगटापर्यंत आला.

गुरुवारी बायको पंचेचाळीस भरली.

"काटा बिघडला की मी सुधारले?" ती म्हणाली.

"माझा काटा बिघडत नाही," ते म्हणाले, आणि मागे जाऊन नळ सोडून रडले. डोळे पुसताना पिंपाकडे नजर गेली. पाणी दोन रेघा उतरायला हवं होतं. ते एकशेसातवरच होतं.

शनिवारी मेहुणी आली. ताईनं वाटीभर सूप मागून प्यायलं म्हणून ती हरखून गेली. निघताना मात्र दारात थांबली. "भावोजी, तुम्ही किती उतरलात हो! विजार सारखी वर ओढताय. ताईची काळजी घ्या, पण स्वतःकडेही बघा."

काटेसाहेब वर्षानुवर्षं अडुसष्ट किलोचे होते. इतरांची वजनं बघता बघता स्वतःचं बघायचं राहूनच गेलं होतं. मेहुणी गेल्यावर ते वजनकाट्यावर चढले.

चौसष्ट. बायको त्या दिवशी सेहेचाळीस. पिंप एकशेआठ.

तिचे चार, त्यांचे चार. हिशोबात खोट नव्हती. त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला.

सोमवारी डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. सत्तेचाळीस. "शाब्बास! चालू ठेवू या औषध," ते म्हणाले. बायकोनं काटेसाहेबांचा हात घट्ट धरला. घरी येताना त्यांना जिना चढवेना. ते दोनदा थांबले, आणि वर पोचल्यावर तिला पलंगावर बसवून मागे गेले.

पिंप एकशेअकरावर होतं. पट्टी एकशेवीसला संपत होती.

त्यांनी चिकटपट्टीचा नवा तुकडा कापून वर जोडला. मग मोजपट्टी धरून शांतपणे रेघा मारत गेले. एकशेअडुसष्टाची रेघ लाल शाईनं काढली.

"अहो, कुठं आहात?" पुढून बायकोचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो खणखणीत होता. "मला भूक लागलीये. काय करताय मागे?"

"काही नाही गं. पट्टी अपुरी पडत होती," ते म्हणाले. "आलोच."

पेनाला टोपण लावताना त्यांना दुकानदार आठवला. दीडशेचं भरपूर होईल म्हणाला होता. दोनशेचं घेतलं ते बरं झालं.