तिघांचं अ‍ॅव्हरेज

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, एवढंच सांगायला तो त्या दिवशी सकाळी गॅरेजात गेला होता. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल, पण त्याला ओळखणाऱ्यांना वाटलं नसतं. मोबाइलचे टॉवर दुरुस्त करत माळरानावर हिंडणारा हा माणूस, आणि बरोबरचे लोक त्याला सरळ 'अ‍ॅव्हरेजराव' म्हणायचे. तोही ते नाव मिरवायचा. चाकातली हवा दर सोमवारी तपासणार, चेनला तेल स्वतःच्या हाताने घालणार, काटा चाळिशीच्या वर जाऊ देणार नाही. ब्रेक लावणं म्हणजे पेट्रोल रस्त्यावर ओतणं, अशी त्याची पक्की समजूत. उतार लागला की किल्ली फिरवून इंजिन बंद, मग खाली पोचेपर्यंत नुसती टायरची सरसर. आणि टाकी म्हणाल तर ती त्याने जन्मात कधी फुल्ल केली नाही. पेट्रोललाही वजन असतं आणि ते वजन वाहायला पुन्हा पेट्रोलच जळतं, म्हणून लागेल तेवढंच, खुणा केलेल्या बाटलीने मोजून घालायचं. बायको म्हणायची, ह्या माणसाला श्वाससुद्धा न्यूट्रलमध्ये घ्यायचाय.

तर अशा माणसाची गाडी लिटरला बहात्तर देता देता अठ्ठावन्नवर आली. एकदम नाही. मागच्या उन्हाळ्यापासून, हळूहळू.

मिस्त्रीने प्लग पाहिला, कार्बोरेटर उघडून पाहिला, चाकं हाताने फिरवून पाहिली. कुठे काही नाही. मग तो मागे जाऊन उकिडवा बसला, टायरवरून बोट फिरवलं, सीट दाबून पाहिली आणि विचारलं, की रोज मागे कोण असतं?

कोणी नाही, हा म्हणाला. मी एकटाच असतो.

मिस्त्री गालातल्या गालात हसला. मागचं टायर मधोमध गुळगुळीत झालं होतं, शॉकअब्सॉर्बर बसले होते, सीटच्या मागच्या भागातला फोम दबून खळगा पडला होता. साठ-पासष्ट किलोचं माणूस आहे, तो म्हणाला, आणि रोजचं आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोण ते मला नका सांगू. वहिनींनाही मी काही बोलणार नाही. पण तुम्ही लपवलंत तरी गाडी कशी लपवेल?"

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. कोण ते त्याला ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माळ संपतो तिथे एक लांब उतार आहे, खाली कोरड्या ओढ्यावर पूल, आणि पुलापासून लगेच तीन किलोमीटरचा चढ. चढाच्या माथ्यावर सरकारी दवाखाना. उतारावर इंजिन बंद करून जो वेग मिळतो त्यावर अर्धा चढ फुकटात सर होतो. फक्त पुलावर ब्रेक लावायचा नाही. त्या दुपारी पुलाच्या कठड्याला टेकून एक माणूस उभा होता. खडी फोडायच्या खाणीवरचा असावा, अंगभर पांढरी धूळ. एका पायाला फडक्यात कसलासा पाला बांधलेला. त्याने हात केला. इंजिनाचा आवाज नव्हता, म्हणून त्याचं बोलणंही स्वच्छ ऐकू आलं. "साप चावलाय हो... दवाखान्यापर्यंत तेवढं..."

ह्याचा पाय ब्रेकवर गेला होता, हे खरं. दाबला मात्र नाही. थांबलो तर सगळा वेग जाणार, वर डबलसीट चढ. त्याने मान वळवली, मागून गाडी येतेय असं ओरडला आणि निघून गेला. मागून कुठलीही गाडी येत नव्हती. त्या रस्त्याला दिवसभरात चार वाहनं येतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या मजुरांनी सांगितलं, की अर्धा चढ चालून गेला बिचारा, मग मैलाच्या दगडाला टेकून बसला तो बसलाच. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशीचं अ‍ॅव्हरेज पंचाहत्तर आलं होतं, आणि तेवढं मात्र त्याने डायरीत लिहून ठेवलं होतं. काय म्हणावं अशा माणसाला!

गॅरेजातून घरी आला तोवर हॉस्टेलवरून फोन येऊन गेला होता. मुलगी माळापलीकडच्या शाळेत शिकायची, पासष्ट किलोमीटरवर. सकाळपासून तिच्या पोटात उजव्या बाजूला कळा येत होत्या, अंगात ताप होता, उलटीनंतर ती सरळ उभी राहू शकत नव्हती. तिथे डॉक्टर नाही, शाळेची जीप बाहेरगावी, बस उद्या सकाळी. अपेंडिक्स असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, असं रेक्टरबाई म्हणाल्या होत्या. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. आधी दवाखाना गाठा, तिथून पुढे अँब्युलन्स मिळते, एवढं तिने दोनदा सांगितलं, आणि तो निघताना म्हणाली, "आज तरी टाकी फुल्ल करा. माझी शपथ आहे."

पंपावर त्याने हिशेब केला. जाताना एकटा, येताना डबलसीट, दोन लिटर. वर पाव लिटर जादा, बायकोसाठी. अठ्ठावन्नचा आकडा डोळ्यांपुढे आला होता, पण तो आकडा धरायचा म्हणजे मिस्त्रीचं म्हणणं खरं मानायचं, आणि येताना दोघांचा नाही, तिघांचा हिशेब करायचा. ते त्याच्याने होईना. सवा दोन लिटर घालून त्याने टाकीचं झाकण लावलं.

जाताना काही झालं नाही. पोरीला पाहिलं आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. बारा वर्षांची मुलगी म्हातारीसारखी वाकून भिंतीला धरून उभी होती, ओठ सुकलेले. रेक्टरबाईंनी तिला सीटवर बसवलं, ओढणीने दोघांना कमरेशी एकत्र बांधलं. साडेचार वाजले होते. थंडीचे दिवस, ऊन आधीच पिवळं पडू लागलेलं.

माळावर वारा नव्हता. दहाएक किलोमीटर गेल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, थोडं पुढे सरका ना."

तो सरकला. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली. आता तो टाकीला चिकटला होता, गुडघे हँडलला लागत होते. मागे बघायची काही गरज नव्हती, म्हणून त्याने बघितलं नाही. जागा पुरत नाही का, असं मात्र विचारलं.

"मला पुरतेय," ती म्हणाली. "पण मागे काका आहेत ना..."

तापात बडबडतेय, त्याने स्वतःला समजावलं. तेवढ्यात वास आला. चुरगळलेल्या पाल्याचा, कडवट, ओला. आजूबाजूला हिरवं पान नव्हतं, नुसतं वाळकं गवत आणि दगड. पोरगी मागे कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, मधेच थांबत होती, जणू समोरच्याचं ऐकून घेतेय. काय बोलतेस, असं विचारायची त्याची छाती झाली नाही.

चाळीसाव्या किलोमीटरला गाडीने पहिला गचका दिला. त्याने पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला. इतक्यात रिझर्व्ह लागायला नको होतं. मग त्याने येत होतं ते सगळं केलं: तिसाच्या वर गेला नाही, जराशा उतारावरही इंजिन बंद केलं, पुढे वाकून वारा कापला. आयुष्यभर नुसत्या हौसेपायी केलेलं सगळं आज पोरीच्या जिवासाठी केलं. तरीही मोठा उतार दिसला तेव्हा इंजिन खोकून बंद पडलं. ते त्याने बंद केलं नव्हतं.

गाडी उतारावरून निघाली. वजनामुळे वेग वाढत होता, टायरची सरसर वाढत होती. पूल ओलांडून अर्धा चढ तरी निघेल, असं तो मनाशी म्हणत होता. पुलावर कोणी नव्हतं. पण बरोबर त्या कठड्यापाशी आल्यावर गाडी मंदावली. ब्रेक लागला नव्हता, चेन अडकली नव्हती. ती सावकाश थांबली.

त्याने ओढणी सोडली, पोरीला खाली टेकवलं आणि गाडी आडवी करून टाकीतला शेवटचा थेंब कार्बोरेटरकडे आणायचा प्रयत्न केला. झाकण उघडून टाकीत फुंकर मारली. किका मारून मारून घोटा सुजला. फोनला रेंज नव्हती. त्या पट्ट्यातला टॉवर गेल्या आठवड्यापासून बंद होता आणि तो ह्यालाच दुरुस्त करायचा होता. उतारावरून कोणी येत नव्हतं, चढावरून कोणी येत नव्हतं. ऊन पुलावरून सरकून ओढ्यात उतरलं. पोरगी आता विव्हळतही नव्हती, आणि त्याची भीती त्याला जास्त वाटली.

त्याने तिला उचलून कठड्यावर बसवलं. मग गाडीकडे पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं, तरी मागचे शॉकअब्सॉर्बर तसेच दबलेले होते. फोममधला खळगा खोल होता.

तो गाडीपुढे उभा राहिला आणि रिकाम्या सीटला हात जोडले. "मी खोटं बोललो होतो. मागून कोणी येत नव्हतं. चुकलं माझं... पण हिने तुमचं काय केलंय? तुम्ही मला घ्या. हिला वर जाऊ द्या."

बराच वेळ काही झालं नाही. मग स्प्रिंगांनी कुरकुर केली आणि सीट दोन बोटं वर आली.

त्याने घाईघाईने पोरीला बसवलं, हँडल धरलं आणि ढकलायला सुरुवात केली. पहिल्या पन्नास पावलांत छाती फुटायची वेळ आली. त्यानंतर गाडी हलकी झाली. अशी हलकी, की चढावर आपोआप पुढे सरकू लागली आणि तो हँडलला धरून नुसता ओढला जाऊ लागला. मागून पावलांचा आवाज येत होता: एक पाऊल नीट, एक फरफटत. दमलेला श्वास. पाल्याचा वास. मैलाचा दगड गेला. त्याने मान वळवली नाही, बघू नकोस, बघू नकोस, एवढंच तो स्वतःला बजावत राहिला. केव्हातरी आपण हँडल धरलंय की सुटलंय हेही त्याला कळेनासं झालं. पुढचं त्याला फारसं आठवत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यातला दिवा एकदम डोळ्यांवर आला तेव्हा नर्स पोरीला आत नेत होती.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अपेंडिक्सच होतं, वेळेत आणलंत, अँब्युलन्स निघालीय, पोरगी वाचेल, असं त्यांनी सांगितलं. तो भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडला. डॉक्टरीणबाई मात्र त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत होत्या. तुम्ही आता येताय का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे काय, तो म्हणाला, मीच तर आणलं तिला. त्यावर त्यांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

पोरगी कॉटवर पडली होती. हाताला सलाइन. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला तशी तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि हळूच मान बाजूला केली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही थांबला का नाहीत?"

"अगं, मी तुझ्याबरोबरच होतो. हँडल धरून पूर्ण चढ..."

"हँडल काकांनी धरलं होतं. मी चढावरून किती हाका मारल्या तुम्हाला." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही शेजारून सरसर गेलात, इंजिनाचा आवाजसुद्धा नव्हता. माझ्याकडे बघितलंत पण... आणि निघून गेलात."

नर्स मागे ओली फरशी पुसत होती. व्हरांड्यापासून कॉटपर्यंत लालसर मातीची पावलं उमटली होती, एक नीट, एक फरफटत गेलेलं. त्याने खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. तीन किलोमीटरचा मातीचा चढ चढून आला होता तो, आणि बुटांवर धुळीचा कणसुद्धा नव्हता.